मंडळी सोडताना : अमेरिकेतली इव्हँजेलिकल चर्चेस आणि पक्षाचं राजकारण

नमस्कार मंडळी.

आज सुरुवात याच शब्दापासून करतो. आपण सभेत ‘मंडळी’ म्हणतो तेव्हा समोर जमलेले लोक एवढाच अर्थ असतो. पण मराठी ख्रिस्ती समाजात ‘मंडळी’ म्हणजे चर्च. मराठी बायबलातही हाच शब्द आहे. मला हा शब्द ‘चर्च’पेक्षा नेमका वाटतो, कारण त्यात इमारत नाही, माणसं आहेत. आजारपणात डबा पाठवणारी, मुलांना रविवारच्या शाळेत शिकवणारी, घरात कोणी गेलं तर रात्रभर बसणारी. म्हणून ‘अमुक माणसानं राजकारणापायी चर्च सोडलं’ हे वाक्य वाचायला जेवढं सोपं आहे, तेवढं करायला नाही. क्लबाचं सभासदत्व सोडण्यासारखं ते नसतं.

तर एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहराला लागून वुडलँड हिल्स नावाचं एक मोठं इव्हँजेलिकल चर्च आहे. तिथले पाळक ग्रेग बॉइड. गर्भपाताला विरोध करणारे, म्हणजे आपण ज्यांना ‘उदारमतवादी’ म्हणू त्यातले नव्हेत. २००४ साल, अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर. बॉइड यांच्यामागे लोकांचा लकडा लागला होता : अमुक उमेदवाराची व्यासपीठावरून ओळख करून द्या, मतदारांसाठीची पत्रकं दारात वाटू द्या. त्यांच्या मनात एक जुनं दृश्यही घर करून होतं. एका दुसऱ्या चर्चमध्ये चार जुलैच्या उपासनेला ते गेले होते. तिथे देशभक्तीचं गाणं चाललं होतं आणि पडद्यावर क्रूस उभे असलेल्या टेकडीवरून लढाऊ विमानं झेपावत होती. हे पाहून ते हादरले. मग त्यांनी ओळीनं सहा उपदेश दिले. विषय : क्रूस आणि तलवार. मुद्दा असा, की चर्चनं सत्तेच्या मागे लागू नये, अमेरिकेला ‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणणं थांबवावं.

काहींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण त्या चर्चमध्ये सुमारे पाच हजार लोक येत. त्यातले हजारभर निघून गेले.

आता गंमत बघा. हे लोक चर्च राजकारणात गेलं म्हणून गेले नाहीत. चर्च राजकारणात जायला तयार नाही म्हणून गेले! आजचा विषय एकेरी नाही, हे ध्यानात यावं म्हणून ही गोष्ट आधी सांगितली. दारातून माणसं दोन्ही दिशांनी जातात.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेतले बाप्टिस्ट लोक मुळात सरकार आणि धर्म वेगळे ठेवा असं म्हणणारे. का? कारण मॅसॅच्युसेट्ससारख्या ठिकाणी सरकारमान्य चर्चचा कर त्यांच्या मानेवर होता. १८०२ च्या १ जानेवारीला अध्यक्ष जेफरसन यांनी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना पत्र लिहिलं. धर्म आणि राज्य यांच्यातल्या ‘भिंती’ची प्रसिद्ध कल्पना त्याच पत्रातली. आणि त्याच दिवशी जॉन लेलंड नावाचे बाप्टिस्ट उपदेशक जेफरसन यांना भेट द्यायला चीजचा एक प्रचंड गोळा घेऊन आले होते. वजन १२३५ पौंड! म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर. (हशा) हसू नका, ती गावकऱ्यांची कृतज्ञता होती. अर्थात, एका पक्षाच्या नेत्याला चर्चवाल्यांनी दिलेली भेट म्हणूनही तिच्याकडे पाहता येतं. भिंत हवी म्हणणाऱ्यांचेही नेते ठरलेले होतेच.

पुढे गुलामगिरीचा प्रश्न आला आणि चर्चेस उभी फुटली. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं का, या वादातून १८४५ मध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्मली. उत्तरेत याच्या उलट घडलं. गुलामगिरीबद्दल मूग गिळून बसलेल्या चर्चमधून कित्येक माणसं बाहेर पडली. बायबलातल्या ‘त्यांच्यामधून बाहेर निघा’ अशा आशयाच्या आज्ञेवरून त्यांना ‘कम-आउटर’ म्हणत. इथे आपला एक धागा लागतो. मुंबईत १८१३ मध्ये आलेलं आणि पुढे अहमदनगरला स्थिरावलेलं अमेरिकन मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचं होतं, तोच बोर्ड या वादात कचाट्यात सापडला. गुलाममालकांच्या देणग्या घ्यायच्या का, यावर तो ठाम बोलेना, तेव्हा नाराज लोकांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. तटस्थ राहिल्याबद्दलही लोक सोडून जातात, हे वुडलँड हिल्सच्या दीडशे वर्षं आधी दिसलं होतं. फक्त प्रश्न फार वेगळा होता. म्हणून ‘चर्चनं राजकारणापासून लांब राहावं’ असं सरसकट म्हणायला मी धजत नाही. गुलामगिरी हेही राजकारणच होतं की!

आता विसावं शतक. जेरी फॉलवेल, व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पाळक. मार्च १९६५ मध्ये, सेल्माचा नागरी हक्कांचा मोर्चा गाजत असताना, ते व्यासपीठावरून सांगत होते की पाळकाचं काम आत्मे जिंकण्याचं, राजकारण्यांचं नव्हे. आणि याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन केली! मधल्या चौदा वर्षांत काय झालं?

सगळे सांगतात, गर्भपात. १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल. पण १९७१ मध्ये खुद्द सदर्न बाप्टिस्टांनीच काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्यानं मुभा असावी असा ठराव केला होता. रँडल बामर या इतिहासकाराचं म्हणणं असं, की पहिली ठिणगी पडली ती शाळांवरून. गोऱ्यांपुरत्या चालवलेल्या खाजगी ख्रिस्ती शाळांची करसवलत सरकार काढून घेऊ लागलं. बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत १९७६ मध्ये गेली. त्यातून नेते एकत्र आले, गर्भपाताचा मुद्दा नंतर जोडला गेला. काही अभ्यासकांना हे एकांगी वाटतं; गर्भपाताबद्दल सामान्य भाविकांची अस्वस्थता खरी होती, असं ते म्हणतात. मला दोन्ही पटतं : नेत्यांची कारणं एक, बाकावर बसणाऱ्यांची दुसरी. आणि अशी फट असली की पुढे माणसं फसवल्यासारखी होतात.

ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला हजारो पाळकांच्या मेळाव्यात रेगन आले. १९५४ च्या कायद्यानुसार चर्चसारख्या करमुक्त संस्थांना उमेदवाराला पाठिंबा देता येत नव्हता. तर रेगन म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे ठाऊक आहे, पण मी तुम्हाला देतो! सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. पुढच्या दशकात ख्रिश्चन कोअ‍ॅलिशन, मतदार-पत्रकं, वगैरे. तो तपशील सोडतो.

आणि मग बाहेर पडणं सुरू झालं. हाउट आणि फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं, की ‘माझा कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे अमेरिकन नव्वदच्या दशकात ७ टक्क्यांवरून १४ वर गेले. ही वाढ राजकीयदृष्ट्या मध्यममार्गी आणि उदारमतवादी लोकांत होती. आणि यातले बरेच जण देव मानत होते! श्रद्धा शाबूत, पण ‘धार्मिक’ म्हणजे त्या पक्षाचा, हा शिक्का नको.

२०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं. त्या ऑक्टोबरात बायकांबद्दलच्या त्यांच्या बोलण्याची टेप बाहेर आली होती. बेथ मूर, बायबल शिकवणाऱ्या, लाखो स्त्रिया त्यांची पुस्तकं घेऊन बसत, त्यांनी ट्विटरवर नापसंती व्यक्त केली. स्वतः लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेली ही बाई. गप्प बसणार कशी? लोक उलटले. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या संस्थेला अठरा लाख डॉलरहून अधिक तोटा झाला. स्त्रीनं उपदेश करावा का, हाही वाद मध्ये घुसला. मार्च २०२१ मध्ये त्यांनी सदर्न बाप्टिस्ट सोडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी रसेल मूर हेही गेले (दोघांचं नातं नाही). ते या पंथाच्या सार्वजनिक धोरणविषयक संस्थेचे प्रमुख होते. ट्रम्पविरोधामुळे २०१७ मध्ये शंभराहून अधिक चर्चेसनी निधी रोखू अशी धमकी दिली होती.

दोघांनीही ख्रिस्त सोडला नाही, हे नीट ऐका. बेथ मूर अँग्लिकन चर्चमध्ये गेल्या. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. कारण वेगळं होतं, पक्षाचं राजकारण त्यात नव्हतं. पण संस्थेतून बाहेर पडणं आणि श्रद्धेतून बाहेर पडणं या दोन गोष्टी आहेत, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही.

मग जागा रिकाम्या पडल्या का? चर्चचं सभासदत्व तर घटतंच आहे, १९९९ मध्ये ७० टक्के होतं, २०२० मध्ये ४७. कारणं अनेक; सगळं खापर राजकारणावर फोडू नका. पण प्यू संस्थेनं २०२१ मध्ये आणखी एक विचित्र गोष्ट नोंदवली. २०१६ ते २०२० या काळात स्वतःला नव्यानं ‘इव्हँजेलिकल’ म्हणवून घेणारे गोरे लोक हे नाव टाकणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले आणि त्यांत ट्रम्प-समर्थकांचा भरणा होता. म्हणजे हे नाव आता काही जण पक्षाच्या बिल्ल्यासारखं लावतात.

आणि वुडलँड हिल्स? हजार लोक गेल्यावर इमारतीचा निधी कमी पडला, पन्नासांपैकी सात कर्मचारी कमी करावे लागले. गेलेले बहुतेक उपनगरांतले गोरे मध्यमवर्गीय. नंतर त्या बाकांवर येऊन बसू लागले ते आसपासच्या वस्तीतले लोक : कृष्णवर्णीय, लॅटिनो, आणि लाओसहून निर्वासित होऊन आलेले ह्माँग.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.