प्रत काढली, प्रत घसरली

रत्नागिरीत ‘एक्सपोर्ट’ म्हटलं की हापूसची पेटी डोळ्यांपुढे येते. लग्नाचं शूटिंग मिक्स करणाऱ्याला मात्र स्क्रीनवर मुंगीच्या पावलांनी सरकणारी पट्टी आठवते. हे दोन्ही एक्सपोर्ट एका जुन्या मराठी शब्दात आधीच भेटलेले आहेत. तो शब्द म्हणजे ‘प्रत’. पोथीची प्रत काढतात आणि आंब्याची प्रतवारी करतात. प्रत म्हणजे नक्कल आणि प्रत म्हणजे दर्जाही. हिंदीतली ‘प्रति’ नकलेपाशी थांबली, दर्जासाठी तिथे वेगळे शब्द आहेत. मराठीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवले आणि माझ्या मते हा योगायोग नाही.

याविरुद्ध महसुलाची उपपत्ती मांडता येईल: ‘दर बिघ्याला’ या अर्थाच्या ‘प्रति’वरून आकारणी, आकारणीवरून अव्वल, दूम, सीम अशी जमिनीची प्रत आणि तिथून सरसकट दर्जा. ऐकायला झकास, पण व्याकरण आड येतं. तो ‘प्रति’ नेहमी दुसऱ्या शब्दाला पुढून चिकटतो: प्रतिदिन, प्रतिवर्ष. दर्जाची ‘प्रत’ मात्र स्वतंत्र स्त्रीलिंगी नाम आहे आणि ‘हलक्या प्रतीचा’मध्ये ती पोथीच्या प्रतीसारखीच चालते. अर्थाचा पूलही पोथीतच सापडतो. हाताने उतरवलेल्या प्रतीत अक्षरं गळतात, ओव्या घुसतात. प्रतीवरून प्रत काढली की चुकांवर चुका चढतात. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती याच कारणाने. ज्या जगात ‘तुमच्याकडे कोणती प्रत आहे?’ हाच दर्जाचा प्रश्न होता, तिथे नकलेचा शब्द दर्जाला लागला नसता तरच नवल.

प्रत काढली की प्रत घसरते, हे आजच्या व्हिडिओलाही लागू आहे. यावर आक्षेप असा की डिजिटल फाइलची प्रत घसरत नाही. बरोबर, पण ते फाइल कॉपी करण्यापुरतं. कॉपी म्हणजे हापूसचं कलम: झाड नवं, आंबा तोच. एक्सपोर्ट म्हणजे बाठा रुजवणं. येईल ते रायवळ, हापूसची हमी नाही. 1080 ओळींचा, 25 फ्रेम्सचा, 8 बिटचा व्हिडिओ रंगाची माहिती पावपट करूनही न दाबता ठेवला, तर सेकंदाला सुमारे 620 मेगाबिट लागतात. एक्सपोर्ट 8 मेगाबिटवर केला, तर त्याच्या 77 पट जागा वाचली. ती वाचते कशी, हे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरच्या शॉटमध्ये बघावं. 2003 साली ठरलेलं एच.264 हे तंत्र चित्राचे चौकोन पाडतं, आधीच्या फ्रेममधून मिळेल ते उचलतं आणि बारीक तपशील ढोबळ आकड्यांत बसवतं. स्थिर सुरूचं बन फुकटात जातं, पण लाटेचा फेस प्रत्येक फ्रेमला नवा; बिट अपुरे पडले की त्या फेसाचे चौकोनी ठोकळे होतात. मावळतीच्या आभाळात पट्टे उमटतात. हीच फाइल पुन्हा एडिट करून पुन्हा एक्सपोर्ट केली, तर एन्कोडर त्या ठोकळ्यांनाच मूळ चित्र समजतो आणि ते टिकवण्यात बिट घालवतो. दुसऱ्या वेळी बिटरेट वाढवला तर फाइल फुगते, फेस परत येत नाही.

उपाय एकनाथांचाच: शक्य तितकं मागे, मुळाकडे जायचं. एडिटिंग कॅमेऱ्याच्या फाइलींवर करावं, फ्रेमरेट आणि आकार विनाकारण बदलू नये, आधी प्रोरेससारख्या कमी दाबणाऱ्या प्रकारात एक मास्टर काढावा आणि यूट्यूबची, व्हॉट्सॲपची, पेनड्राइव्हची प्रत त्या मास्टरवरूनच काढावी, एकीवरून दुसरी नव्हे. आणि गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह दिला म्हणून मास्टर पुसू नका. पहिल्या वाढदिवसाच्या व्हिडिओत लग्नाचे दोन शॉट घालायला तोच लागणार आहे.