पाच जणींचा दावा

२ जुलै १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली, आणि वंश, वर्ण, धर्म वा लिंग यांवरून नोकरीत भेदभाव करणे अमेरिकेत गुन्ह्याचे नसले तरी बेकायदा ठरले. यांतला ‘लिंग’ हा शब्द मूळ मसुद्यात नव्हता. तो सुचविला व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथ यांनी, आणि हे गृहस्थ तर नागरी हक्कांचे कट्टर विरोधक! त्यांचा हेतू काहीही असो, शब्द कायद्यात बसला. आता कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती एकीऐवजी दोन ढाली आल्या, असे कोणासही वाटावे. घडले ते निराळेच.

मिझुरी राज्यातील सेंट लुईस येथे जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. ही कंपनी १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतच नसे. पुढे दारे उघडली; पण थोड्याच वर्षांत मंदी आली आणि कामगारकपात सुरू झाली. कपातीचा नियम सेवाज्येष्ठतेचा: जो शेवटी आला, तो आधी गेला. आपल्या गिरणी-कारखान्यांतही परिचयाचा असलेला हा नियम दिसावयास अगदी निःपक्षपाती. परंतु ज्यांना आधी येऊच दिले नव्हते, त्या शेवटी आल्या यात त्यांचा दोष कोणता? १९७० नंतर लागलेल्या साऱ्याच कृष्णवर्णीय स्त्रिया घरी बसल्या.

एम्मा डेग्राफनरीड आणि आणखी चौघी न्यायालयात गेल्या. १९७६ साली निकाल लागला. न्यायालय म्हणाले, कंपनीने १९६४ पूर्वीही स्त्रिया नेमल्या होत्या. तेव्हा स्त्री म्हणून अन्याय झाला नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, हे गौण ठरले! वर्णभेदाची तक्रार असेल, तर तसा एक दावा कंपनीवर चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही कारणे एकत्र करून नवीनच हक्क मागता यावयाचा नाही. दोन ढाली होत्या खऱ्या. पण घाव पडला तो नेमका दोहोंच्या मधल्या फटीतून.

कारखान्यातून कचेरीत आले तरी गोष्ट फारशी बदलत नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचारी रेनी रॉजर्स डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या ठेवीत. कंपनीच्या नियमात त्या बसेनात. कामाच्या वेळी केसांवर गंगावण चढवावे, असा तोडगा निघाला. त्याने डोके दुखते, अशी त्यांची तक्रार होती. १९८१ मध्ये न्यायालयाने दाव्याचा मुख्य भाग फेटाळला. वर्ण बदलता येत नाही, वेणी बदलता येते, हा त्यामागचा युक्तिवाद. अशा केशरचनेला कायद्याचे संरक्षण देणारे पहिले राज्य कॅलिफोर्निया, आणि तेही २०१९ साली!

हरलेल्या दाव्यांचाही इतिहासाला उपयोग असतो. १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने पाच जणींचा तो निकाल पुन्हा चाळला आणि चौफुलीचा दृष्टांत दिला. चौफुलीवर अपघात झाला, तर धडक एका रस्त्यावरील गाडीची असेल, दुसऱ्या रस्त्यावरील असेल, किंवा दोहोंचीही असेल. कोणत्या गाडीने ठोकरले हे ठरल्याशिवाय जखमीला उचलावयाचेच नाही काय? त्यांचा ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द आज जगभर रूढ आहे.

२००९ साली अर्सुला बर्न्स झेरॉक्स कंपनीच्या मुख्याधिकारी झाल्या. अमेरिकेतील पाचशे सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीची सूत्रे कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती येण्याची ती पहिलीच वेळ. कायदा होऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षे उलटली होती. दार उघडल्याची तारीख इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली जाते. परंतु उशिरा आत आलेल्यांना बसावयास जागा कधी मिळाली, याची नोंद पाहिल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही.