वहीतले नाव खोडावे काय?



मागल्या डिसेंबरात आमच्या मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर छोटीशी बैठक भरली होती. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती. त्या निमित्ताने स्त्रियांच्या उन्नतीसाठी झटलेल्या बायकांची नावे एका फलकावर रंगवावीत असा बेत होता. सावित्रीबाईंचे नाव पहिले आले, रमाबाई रानड्यांचे आले, कुणी हरकत घेतली नाही. मग एक शिक्षिका म्हणाल्या, "पंडिता रमाबाई आणि ताराबाई शिंदे, ही दोन नावंही घाला."

माडी गप्प झाली. एक गृहस्थ म्हणाले, "रमाबाईंनी धर्म सोडला. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं?" दुसरे म्हणाले, "ताराबाईंची भाषा फार कडक हो. पोरींना वाचायला देणार काय?" तिसऱ्यांनी समजुतीने सांगितले, "काम पुढं न्यायचं तर जरा सांभाळून घ्यावं लागतंय." हे तिघेही मुलींच्या शिक्षणाचे विरोधक नव्हते. उलट लेकीसुनांना शिकवणारी माणसे! शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण मी इतिहास शिकवतो. आणि मी काय म्हणालो? "बघू." हे उत्तर नव्हे, हे मला घरी जाताना वाटेतच कळले. तेव्हा राहिलेले उत्तर आज देतो.

प्रथम ताराबाईंची हकिगत पाहू. ताराबाई शिंदे वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि घराणे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर स्वतःचे नवजात मूल मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे अपिलात ती कमी झाली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेणे सुरू झाले. ते ताराबाईंना सोसवेना. १८८२ साली त्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून निघाले.

या पुस्तकाचा प्रश्न साधा आहे. जो दोष पुरुषात असला तर लोक डोळेझाक करतात, तोच बाईत दिसला की तिचा जन्म संपतो, असे का? बायको मेली तर नवरा पुन्हा बोहल्यावर चढतो. नवरा मेला तर बायकोने तोंड लपवून का बसावे? ताराबाईंनी हे विनवणीच्या सुरात विचारले नाही. चारचौघांत भांडावे तशा ठसकेबाज बोलीत, पोथ्यापुराणांतल्या देवादिकांनाही न सोडता त्यांनी विचारले. साहजिकच टीका झाली. पण ध्यानात घ्या, ती केवळ सनातन्यांनी केली नाही. सत्यशोधकांतल्याच काही लेखक-संपादकांना हे पुस्तक रुचले नाही. आपल्या घरची बाई आपल्यालाही हिशेब विचारते, हे त्यांना जड गेले.

तेव्हा जोतीराव पुढे आले. १८८५ साली त्यांनी 'सत्सार' नावाची छोटी पुस्तके काढली. त्यांतल्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा मुलीसारखा उल्लेख करून त्यांनी त्यांची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना खडसावले. तरीही व्हायचे ते झालेच. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला ठाऊक नाही. हे पहिलेही लोक विसरून गेले. १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून उजेडात आणले. ९३ वर्षे! म्हणजे तीन-चार पिढ्यांच्या मुली शिकल्या, मास्तरणी झाल्या, आणि आपल्या आधी असे कुणी बोलले होते याचा त्यांना पत्ता नव्हता. प्रत्येकीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. नाव खोडण्याची किंमत ही असते.

आता पंडिता रमाबाईंकडे वळू. त्यांची गोष्ट इतकी सोपी नाही. १८८२ साली त्या पुण्यात आल्या तेव्हा सुधारकांनी त्यांना डोक्यावर घेतले. संस्कृत जाणणारी, भरसभेत बोलणारी ही तरुण विधवा. त्यांनी आर्य महिला समाज काढला, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे सांगितले. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. झालं! कालची पंडिता आज परकी झाली.

इथेही 'सत्सार'च्या पहिल्या अंकात जोतीरावांनी रमाबाईंची बाजू घेतली. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, हे विसरू नका. माणसाची बाजू घ्यायची म्हणजे त्याची वाट धरलीच पाहिजे, असे त्यांना वाटले नाही.

रमाबाई परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांसाठी शाळा आणि निवारा. पुढे सदन पुण्याला गेले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. इथे धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रानडे-भांडारकर चुकले काय? मला तसे सरसकट म्हणवत नाही. दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे पाहणे सल्लागारांचे कामच होते. त्या मुली लहान, निराधार. जिच्या छपराखाली राहायचे तिचे मन मोडणे त्यांना सोपे नव्हते. शंका यायला जागा होती. पण त्या वादानंतर आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र चुकली. मंडळातून नाव काढण्याबरोबर आपल्या लोकांनी मनातूनही नाव काढले. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली-बायका पुणे जिल्ह्यातल्या केडगावी आणून जगवल्या. ही गोष्ट मराठी घरांतून फारशी सांगितली गेली नाही.

आणि गंमत पाहा. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, शारदा सदनातच शिकलेल्या. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. रमाबाईंची धर्माची वाट कर्व्यांनी घेतली नाही, पण विधवेला शिकवून पायावर उभे करण्याचे काम तेच. शाखेवर आपण बसलो आणि बुंध्याचे नाव विसरलो!

विलायतेतही हाच पेच पडला होता. मताच्या हक्कासाठी तिथे बायकांच्या दोन फळ्या झाल्या. मिलिसेंट फॉसेट यांची फळी अर्ज-सभा करणारी, एमेलिन पँकहर्स्ट यांची तुरुंगात जाणारी. १९०६ साली सुटून आलेल्या कैदी बायकांना फॉसेटबाईंनी मेजवानी दिली. पुढे दगडफेक आणि जाळपोळ सुरू झाली तेव्हा मात्र त्यांनी स्पष्ट शब्दांत निषेध केला. २०१८ साली लंडनच्या पार्लमेंट चौकात फॉसेटबाईंचा पुतळा उभा राहिला. त्याच्या चौथऱ्यावर चळवळीतल्या इतरांची नावे आहेत, आणि त्यांत पँकहर्स्टबाईंचेही आहे. भांडण होते तेवढेच राहिले. नाव पुसले गेले नाही.

यातून मी तीन गोष्टी वेगळ्या करतो. मत पटले नाही तर उघड सांगावे, ही पहिली. एखाद्या कृतीने दुबळ्याचे नुकसान होत असेल तर त्या कामातून बाहेर पडावे, प्रसंगी ते थांबवावे, ही दुसरी. या दोन्ही करण्यात चळवळीची अब्रू आहे. पण तिसरी गोष्ट म्हणजे हे माणूस आपले नव्हतेच असे म्हणून वहीतून नाव खोडणे. ते करू नये. कारण खोडणाऱ्याला वाटते की आता तरी विरोधक गप्प बसतील. ते बसत नाहीत. आज ताराबाईंची भाषा कडक, उद्या सावित्रीबाईंचे घराबाहेर पडणेही कडक वाटू लागेल. सावित्रीबाईंनाही त्यांच्या काळात शेणगोटे सोसावे लागलेच होते की!

म्हणून पारख करताना एकच प्रश्न विचारावा. या बाईने कुणा दुबळ्याला दुखावले, की नुसते बळवंतांना अवघडवले? ताराबाईंनी फक्त अवघडवले. रमाबाईंच्या बाबतीत प्रश्न उरतो. तो प्रश्नासकट सांगावा, पण सांगावा.

पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, आणि महिनाभराने, ६ मे रोजी, आमचे शाहू महाराज गेले. महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली विधवाविवाहाचा कायदा केला होता. महाराज गेल्यानंतर शंभर वर्षांनी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. त्या ठरावातला प्रश्न ताराबाईंनी १८८२ सालीच विचारला होता. तेव्हा तो कडक वाटला; आज तो ग्रामपंचायतीच्या वहीत सरकारी शिक्क्यानिशी आहे.

गुरुजनहो, तुमच्या शाळेत जयंतीला नावे घ्याल तेव्हा ही दोन घ्या. भांडणही झाकू नका; मुलांना दोन्ही बाजू सांगा, ती बरोबर समजून घेतात. आमच्या तालमीत पुढची बैठक ठरली आहे. या खेपेला मी "बघू" म्हणणार नाही.