ओलसर जखमोपचार

ओलसर जखमोपचार म्हणजे जखमेचा पृष्ठभाग सुकू न देता योग्य पट्टीच्या (ड्रेसिंगच्या) साहाय्याने ओलसर राखून ती भरून येऊ देण्याची उपचारपद्धती होय. जखम उघडी ठेवून वाळवल्यास लवकर बरी होते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. खपलीमुळे नव्या त्वचेची वाढ मंदावते, हे विसाव्या शतकातील प्रयोगांनी दाखवून दिले.

जैविक प्रक्रिया

उथळ जखमेत नवी बाह्यत्वचा जखमेच्या कडांवरील आणि शिल्लक राहिलेल्या केशपुटकांमधील केराटिनोसाइट पेशींपासून तयार होते. या पेशींचे विभाजन होते व त्या जखमेच्या तळावरून सरकत एकमेकींना भिडतात. हे सरकणे ओलसर, जिवंत ऊतीवरच सुकर होते. जखम सुकल्यास वरचा थर मृत होऊन खपलीचा भाग बनतो. मग पेशींना विकरे स्रवत खपलीखालील ओलसर थरातून वाट काढावी लागते आणि बराच वेळ खर्च होतो.

इतिहास

जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात डुकरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पॉलिथिनच्या पातळ पटलाने झाकलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने बाह्यत्वचा तयार झाली. १९६३ मध्ये हिनमन व मायबाख यांना मानवी त्वचेवरही असाच परिणाम आढळला.

पट्ट्यांचे प्रकार व परिणाम

* गॉज : कोरडी गॉज जखमेला चिकटते, ती काढताना नव्या पेशीही निघून येतात.
* पॉलियुरेथेन पटल : बाष्प बाहेर जाऊ देते, मात्र पाणी व जीवाणूंना अडवते.
* हायड्रोकोलॉइड : स्राव शोषून त्याचे जेल बनवते.
* अल्जिनेट : समुद्री शेवाळापासून बनते, जास्त स्रावाच्या जखमांसाठी उपयुक्त.
* चांदीयुक्त पट्ट्या : जंतुनाशक असतात, परंतु प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धनात चांदीचे आयन केराटिनोसाइट व फायब्रोब्लास्ट पेशींनाही अपायकारक ठरतात. त्यामुळे स्वच्छ जखमेवर त्यांचा सरसकट वापर योग्य मानला जात नाही.

भारतातील अल्पखर्ची पर्याय

भाजलेल्या जखमांसाठी मुंबईतील केसवानी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वर्णन केली. सालीमुळे जखम सुकत नाही. मुंबईतच माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी अभ्यासली. तिचा गुळगुळीत पृष्ठभाग जखमेला चिकटत नसल्याने पट्टी बदलताना वेदना कमी होतात. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा

अतिरिक्त ओलाव्याने भोवतालची निरोगी त्वचा पांढरट व मऊ पडून फाटू शकते. संसर्ग झालेली जखम हवाबंद पट्टीने झाकणे सामान्यतः टाळतात. रक्तपुरवठा खंडित झालेल्या कोरड्या गँगरीनमध्ये तो भाग कोरडाच ठेवला जातो.