नाणेकपाट

जुनी नाणी व पदके जपून ठेवण्यासाठी केलेले, उथळ सरकत्या खणांचे लाकडी कपाट. नाणेसंग्रहाचा छंद (पहा : नाणकशास्त्र) प्रबोधनकाळी यूरोपातील राजे व विद्वानांत पसरला, तेव्हा ही कपाटे रूढ झाली. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्यासाठी गोद्रो या कारागिराने १७३८ च्या सुमारास घडविलेले कपाट व्हर्सायच्या राजवाड्यात आहे.

खणाच्या फळीत नाण्याच्या मापाच्या गोल खाचा कोरलेल्या असतात. खाचेच्या तळाशी बनातीची चकती, तिच्यावर राजा, टांकसाळ व वजन नोंदलेली कागदी चिठ्ठी आणि तिच्यावर नाणे, अशी मांडणी असते. त्यामुळे नाणी एकमेकांवर घासत नाहीत. खण ओढताच एका राजवटीची नाणी क्रमाने पाहता येतात.

लाकडाची निवड सर्वांत महत्त्वाची. महोगनीला पसंती असते. ओकच्या आम्लयुक्त वाफांनी शिशाच्या नाण्यांवर पांढरी भुकटी धरून ती झिजतात (पहा : क्षरण). पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवलेल्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो. महोगनीच्या कपाटात असे धोके बरेच कमी असतात. पुरातन कपाटांना संग्राहकांची मागणी असते, ती मुरलेले लाकूड व बारीक सांधेकाम यांसाठी. त्यांत टिकलेल्या जुन्या चिठ्ठ्या तर विशेष मोलाच्या. नाण्याचे पूर्वीचे मालक त्यांवरून कळतात (पहा : संग्रहालय).