नेपोलियनच्या नावाचं संत्रं

आज एका बाटलीची गोष्ट. बाटली मूळची बेल्जियमची, नाव ‘मँडरिन नेपोलियन’. मँडरिन म्हणजे सहज सोललं जाणारं, सैल सालीचं संत्रं. आपलं नागपुरी संत्रं त्याच कुळातलं.

सांगितलं जातं ते असं. नेपोलियनच्या काळातला नामवंत रसायनतज्ज्ञ आंत्वान फुरक्रॉ याने बादशहासाठी मँडरिन आणि कोन्याकचं पेय केलं आणि त्याची कृती टिपून ठेवली. पुढे ती लुई श्मिट या बेल्जियन रसायनतज्ज्ञाला सापडली आणि १८९२ मध्ये लिकर तयार झालं.

आता तारखा लावून पाहू. कडू नारिंग युरोपात अरबांच्या काळापासून होतं. मँडरिन मात्र चीनमधल्या कँटनहून १८०५ मध्ये इंग्लंडला पोचलं. तिथून ते माल्टाला आणि मग इटलीत गेलं. माल्टा तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, आणि इंग्रज म्हणजे नेपोलियनचे हाडवैरी. फुरक्रॉ वारला १८०९ मध्ये. म्हणजे या फळाची बादशहाशी गाठ घालायला जेमतेम चार वर्षं मिळतात, आणि तीही शत्रूच्या वाटेने आलेल्या फळाची! गोष्ट अशक्य म्हणत नाही, पण तिच्यावर भार टाकावा इतकी ती मजबूत नाही.

मग खरं श्रेय कुणाचं? सिसिलीतल्या बागाईतदारांचं आणि सालीचं. लिकरला चव रसाने येत नाही, सालीतल्या तेलाने येते. साल मद्यार्कात भिजवली की तेल त्यात उतरतं. मँडरिनच्या तेलात थोडा थायमॉल असतो, तोच आपल्या ओव्यातला. म्हणून त्याचा वास मोसंबीपेक्षा वेगळा लागतो.

कॉकटेलमध्ये संत्र्याचं लिकर शिरलं ते याआधीच. जेरी थॉमसच्या १८६२ च्या पुस्तकात ‘ब्रँडी क्रस्टा’ आहे: ब्रँडी, लिंबू आणि थोडं क्युरासाओ. पहिल्या महायुद्धानंतर ‘साइडकार’ आलं. त्यात लिकर नुसतं चवीपुरतं राहिलं नाही, गोडव्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर आली. १९२२ मध्ये त्याची कृती छापून आली. म्हणजे नवीन पेय आभाळातून पडत नाही. जुन्या साखळीतली एक कडी बदलते.

तुम्हीही ती बदलू शकता. ४० मिली ब्रँडी, २० मिली मँडरिन लिकर, १५ मिली लिंबाचा रस, भरपूर बर्फ. लिंबू जास्त झालं की मँडरिनचा सौम्य वास दबतो, एवढंच जपायचं.

आपल्याकडे ‘संत्रा’ म्हटलं की अनेकांना देशी दारूच आठवते, आणि मग थोडं हसू येतं. तिकडे त्याच कुळातल्या फळाला बादशहाचं नाव मिळालं. फळात फरक थोडा, गोष्ट सांगण्यात फार. म्हणून बाटलीवरचं नाव वाचताना आधी विचारा, हे फळ तिथे कधी आणि कुणाच्या हातून पोचलं?

पुढच्या भागात भेटू.