माथेरानचे इंजिन : न दिसणारा आस

सह्याद्रीपासून दूर, भोपाळच्या इंद्रपुरीत, मी माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचा आराखडा १:२० प्रमाणात रेखाटत आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या अर्थसाहाय्याने उभारलेला हा मार्ग १९०७ साली सुरू झाला. रुळांतील अंतर अवघे ६१० मिलिमीटर. कागदावर ते साडेतीस भरते. (घाटातील चढही काही ठिकाणी विसास एक, हा निव्वळ योगायोग!)

इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन-कोपेल कारखान्याची, सहाचाकी. चाके बाहेरच्या चौकटीआड दडलेली असल्याने छायाचित्र फारसे साहाय्य करीत नाही. खरे मर्म त्याहूनही आत आहे. पहिल्या व शेवटच्या आसावर क्लीन-लिंडनर पद्धतीची पोकळ नळी बसविलेली असे. आतला भरीव आस सरळच राही आणि चाकांसह ती नळी वळणावर तिरपी होई. छेदचित्रावाचून हे उलगडत नाही.

जतन केलेल्या इंजिनाची मापेही जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. चाकाची धाव झिजते, लेथवर पुन्हा कातली जाते, व्यास घटतो. म्हणून प्रत्येक मापापुढे ते मूळ रेखाचित्रातील की प्रत्यक्ष मोजलेले, हे मी नोंदवितो. वाफेची सेवा १९८२ मध्ये संपली. ती नळी स्वहस्ते उघडलेले कारागीर आता विरळ झाले आहेत. त्यांचे बोलणे मला कारखान्याच्या नकाशाइतकेच प्रमाण वाटते.